टीममध्ये फ्रेशर आलीय, तिला नीट शिकवायचं कसं?

जून-जुलै आला की कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली पोरं हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांमध्ये जॉइन होतात आणि मॅनेजर आपल्यापैकी कुणाला तरी सांगतो, "हिला जरा बघ रे." आता बघायचं म्हणजे नक्की काय करायचं हे कुणीच सांगत नाही म्हणून लिहितोय. उदाहरण जावाच्या बॅकएंड टीमचं (सर्व्हरवर चालणारा कोड लिहिणारी) घेतलंय पण टेस्टिंग, सपोर्ट, डेटा कुठेही असाल तरी बरंचसं हेच चालेल.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो, कीबोर्ड तिच्याच हातात राहू द्या. समजा सर्व्हर चालू करताना स्क्रीनभर लाल एरर आला, ऐंशी-नव्वद ओळींचा स्टॅक ट्रेस (एरर आला तेव्हा कोडच्या कुठल्या ओळी चालू होत्या त्याची यादी), आणि तुम्हाला दोन सेकंदात कळलं की कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्डच नाहीये. हात शिवशिवतात, मान्य आहे, पण माउस ओढून घेऊ नका. तिला म्हणा, सगळ्यात खाली जा, शेवटचं "कॉज्ड बाय" (Caused by, म्हणजे "यामुळे झालं") शोध आणि ती ओळ मोठ्याने वाच, कारण जावात खरं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं. मग त्याच्याखाली आपल्या प्रोजेक्टच्या पॅकेजचं (कोडच्या फोल्डरचं) नाव असलेली पहिली ओळ दिसते का बघ, असेल तर त्यावर क्लिक कर. दहा मिनिटं जातील, जाऊ देत. एरर वाचायची भीती एकदा गेली ना की पुढचे कितीतरी प्रश्न ती स्वतःच सोडवते, आणि ही भीती कॉलेजात कुणी घालवलेली नसते.

"कळलं का?" हे विचारणं बंदच करा. उत्तर कायम "हो सर" असंच येतं. त्याऐवजी म्हणा, आता तू मला सांग, युजरने बटण दाबल्यावर रिक्वेस्ट कुठून कुठे जाते? वहीवर बाण काढू दे. बाण जिथे अडेल तिथून पुढे समजवायचं. आणि हो, सर-मॅडम सोडून नावाने हाक मारायला पहिल्याच दिवशी सांगा, थोडं अवघडतात पण आठवड्याभरात सवय होते.

प्रश्न कधी विचारायचा याचा नियम ठरवून द्या, नाहीतर काही जण दर पाच मिनिटांनी येतात आणि काही जण लाजून दोन-दोन दिवस गप्प बसतात (दुसरी गोष्ट जास्त वाईट). अर्धा तास स्वतः प्रयत्न कर, नाही जमलं तर लगेच मेसेज टाक, आणि मेसेजमध्ये तीन गोष्टी लिही: काय करायचं होतं, काय करून बघितलं, काय झालं. स्क्रीनशॉटऐवजी एरर टेक्स्ट म्हणून पेस्ट कर म्हणजे सर्च करता येतो. मराठी मीडियममधून आलेल्यांशी सरळ मराठीत बोला, स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये) इंग्रजीत काय सांगायचं ते आधी पाच मिनिटं बसून बोलून घ्या. हुशार पोरं केवळ इंग्रजीपायी मागे बसलेली बघवत नाहीत.

पहिलं काम छोटं पण खरं द्या, म्हणजे लोकांपर्यंत पोचणारं. एखादा चुकलेला मेसेज दुरुस्त करणं, एखादी टेस्ट लिहिणं. मशीन सेटअप करताना रीडमीमध्ये (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये) जे जुनं किंवा चुकीचं सापडेल ते तिनेच दुरुस्त करायचं, पहिला पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) तोच. प्रोडक्शन डेटाबेसवर, म्हणजे खऱ्या युजरच्या डेटावर, लिहायचा ॲक्सेस एवढ्यात देऊ नका, यात तिच्यावर अविश्वास नाही, तिच्यावर नको तो भार येऊ नये एवढंच.

तिचा कोड रिव्ह्यू करताना एका वेळी वीस कमेंट टाकू नका. बग असेल ते आधी, नावं आणि फॉरमॅटिंगचं लिंटरवर (कोड आपोआप तपासणाऱ्या टूलवर) सोडा. "असं का केलंस?" हे लेखी वाचलं की ओरडल्यासारखं वाटतं, त्यापेक्षा "लिस्ट रिकामी आली तर इथे काय होईल?" असं विचारा. एआयकडून कोड लिहून आणला असेल तरी रागावू नका, फक्त प्रत्येक ओळ समजावून सांगायला लावा. जी सांगता येत नाही ती मर्ज होणार नाही, म्हणजे मुख्य कोडमध्ये जाणार नाही, हा नियम मात्र पक्का.

ऑफिसमध्ये शिकण्यासारखं काम नसेल तर गिटहबवर (कोड ठेवायची साइट) "गुड फर्स्ट इश्यू" हे लेबल, म्हणजे नवख्यांना जमेल असं काम, शोधायला शिकवा. गुगल समर ऑफ कोड हा ओपन सोर्स (सगळ्यांना खुला कोड असलेल्या) प्रोजेक्टवर काम करायचा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे, त्यात प्रोजेक्टमधलाच मेंटॉर मिळतो, आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही अर्ज करता येतो.

तिचं काम डेमोमध्ये तिलाच दाखवू द्या. तुम्ही शेजारी बसा, आणि कुणी अवघड प्रश्न विचारला तरी उत्तर द्यायची घाई करू नका, तिने मदत मागितली तरच बोला.