क्रोशावर विणलेली सशाची छोटी दुलई

चालायला लागलेल्या मुलाला मोठ्या पांघरुणापेक्षा मुठीत धरता येईल, घरभर ओढत नेता येईल असं काहीतरी हवं असतं. त्यासाठी ही साधारण 28 सेंटिमीटरची चौकोनी दुलई आणि तिच्या मधोमध शिवलेलं सशाचं डोकं. यात क्रोशाच्या दोन्ही प्रकारांवर हात बसतो: खांबांचं सपाट विणकाम आणि मुक्या खांबांचं गोल, भरीव विणकाम.

टाके तीनच लागतात. साखळी सगळ्यांना येतेच. मुका खांब म्हणजे सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा आणि सुईवरच्या दोन्ही फासांतून एकदम काढायचा. खांबाला आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, टाक्यातून दोरा ओढायचा आणि दोन-दोन फास करत दोनदा काढायचा. अमेरिकन पद्धतीच्या व्हिडिओत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात तो आपला मुका खांब. ब्रिटिश पद्धतीच्या पुस्तकांत मात्र त्यालाच डबल क्रोशे म्हणतात. नमुना हातात घेतला की आधी तो कोणत्या पद्धतीचा आहे ते बघा.

दोरा मिल्क कॉटन नावाचा, मऊ सुती मिश्र घ्या. दुलईसाठी 50 ग्रॅमचे दोन गोळे, डोक्यासाठी एक. वस्तू सतत तोंडात जाणार, त्यामुळे मऊसर केस सुटणारी अंगोरा किंवा मोहेर लोकर नको. मखमली दोरा दुकानात फार मोहक दिसतो, पण त्यात टाके दिसत नाहीत आणि उसवायला गेलं की लव निघून येते. नवशिक्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. ॲक्रिलिक चालेल, फक्त त्याला इस्त्री लावायची नाही. उष्णतेने ते कायमचं लोळागोळा होतं.

दुलईला 3.5 मिलिमीटरची सुई. 4 साखळ्यांची कडी करा. 3 साखळ्या (हा पहिला खांब), कडीत आणखी 2 खांब, 2 साखळ्या. मग 3 खांब आणि 2 साखळ्या असं तीनदा, आणि फेरी पहिल्या खांबाच्या डोक्याला जोडा. आता काम उलटं फिरवा. जोडलं त्याच जागी 3 साखळ्या घालून पुढची फेरी सुरू करा: प्रत्येक टाक्यावर एक खांब, आणि प्रत्येक कोपऱ्यातल्या साखळीच्या जागेत 2 खांब, 2 साखळ्या, 2 खांब. अशा 13 फेऱ्या. काम दर फेरीला उलटायचा कंटाळा करू नका. सगळ्या फेऱ्या एकाच दिशेने गेल्या तर चौकोन तिरका पिळतो आणि मग कितीही ताणला तरी सरळ होत नाही.

मोजणी सोपी आहे. एका बाजूवर पहिल्या फेरीत 3 खांब, दुसरीत 7, तिसरीत 11. दर फेरीला 4 वाढतात आणि तेराव्या फेरीत 51 होतात. एखादी बाजू एकाने कमी भरली, तर बहुतेक वेळा कोपऱ्यानंतरचा पहिलाच टाका सुटलेला असतो. कोपऱ्यातल्या खांबांखाली तो झाकला जातो. बोटाने खांब बाजूला सारून बघा. चौकोनाची वाटी होत असेल तर कोपऱ्यात दोनऐवजी एकच साखळी पडते आहे किंवा हात फार घट्ट आहे. झालरीसारख्या चुण्या पडत असतील तर कुठेतरी एका टाक्यात दोन खांब गेलेत.

जाळीदार ग्रॅनी चौकोन लवकर होतो, तरी इथे भरीव विणलेलाच बरा. जाळीत लहान बोटं अडकतात.

डोक्याला सुई 2.5 मिलिमीटरची. दुलईची सुई इथे वापरली की टाक्यांतून आत भरलेलं फायबर पांढरं डोकावतं. फेऱ्या न जोडता सलग विणा आणि प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा खुणेला अडकवा.

फेरी 1: मॅजिक रिंगमध्ये (दोऱ्याच्या ओढून आवळता येणाऱ्या कडीत) 6 मुके खांब
फेरी 2: प्रत्येक टाक्यात दोन (12)
फेरी 3: एक साधा, पुढच्यात दोन (18)
फेरी 4 ते 6: दर फेरीला मधला साधा टाका एकाने वाढवत 24, 30, 36
फेरी 7 ते 13: वाढ-घट नाही (36)
फेरी 14: चार साधे, मग दोनाचा एक (30)
फेरी 15 ते 17: साधा टाका एकाने कमी करत 24, 18, 12

दोनाचा एक करताना सुई दोन्ही टाक्यांच्या फक्त पुढच्या फासांतून घाला. पूर्ण टाक्यांतून घातली तर तिथे भोक पडतं.

तेराव्या फेरीनंतर थांबा आणि डोळे भरतकामाने काढा, म्हणजे गाठी आत राहतील. जागा दहाव्या-अकराव्या फेरीच्या मध्ये, अंतर 7 टाके. तीन वर्षांखालच्या मुलासाठी बटणं किंवा प्लॅस्टिकचे डोळे अजिबात लावू नका. आतून कडी असलेले ‘सेफ्टी’ डोळेसुद्धा नाहीत. दोरा ताणला, टाका सैल झाला की डोळा कडीसकट बाहेर येतो. काळा दोरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग जातो का ते तपासा.

भरायला पॉलिस्टर फायबर. घरात सावरीचा कापूस असला तरी तो इथे नको: एका धुण्यात त्याच्या गाठी होतात आणि आत ओल राहून वास मारतो. सोळावी फेरी झाली की फायबर पिंजून थोडं थोडं भरा, आधी कडेला, मग मध्ये. एकदम गोळा कोंबला की डोक्याला टेंगळं येतात.

कान दोन: रिंगमध्ये 6, मग 12, दहा फेऱ्या तशाच, शेवटी दोन साधे आणि दोनाचा एक असं करत 9. भरायचे नाहीत, चपटे करून चौथ्या फेरीवर शिवायचे. मूल कान धरूनच ससा ओढणार, म्हणून पुढून आणि मागून अशी दोनदा शिवण घाला. हात विणायची गरज नाही, दुलईचे कोपरे ते काम करतात.

मानेला 12 टाके आहेत आणि दुलईच्या पहिल्या फेरीतही 12 खांब. टाक्याला टाका लावून शिवा, दोन वेढे. त्याआधी दुलईच्या मधलं भोक चार-पाच आडवे-उभे टाके घालून बुजवा, नाहीतर फायबर तिथून सटकेल. सगळी टोकं 5-6 सेंटिमीटर आत नेऊन दोनदा दिशा बदला. मिल्क कॉटन निसरडं असल्याने नुसती गाठ टिकत नाही, आणि सुटलेला दोरा बाळाच्या बोटाला आवळून बसू शकतो. रिबन, घुंगरू, मणीही नकोत.

बारशाला ही भेट जरूर द्या, पण एक वर्षाच्या आत बाळ झोपताना पाळण्यात किंवा झोळीत ठेवायची नाही, हे आईबाबांना स्पष्ट सांगा. तोंडावर आली तर बाळाला ती बाजूला करता येत नाही.

धुताना जाळीच्या पिशवीत, गार पाण्यात, सौम्य साबणाने. टॉवेलात दाबून पाणी काढा आणि आडवी वाळवा. तारेवर टांगली तर ओल्या डोक्याच्या भाराने दुलई मधोमध ओघळते. पावसाळ्यात डोकं पंख्याखाली पूर्ण दिवस ठेवावं लागतं. मुलाला सवय लागली की तेवढा वेळही ते सशाशिवाय राहत नाही, तेव्हा त्याच रंगांचा दुसरा आधीच विणून ठेवा आणि पहिल्यापासून दोन्ही आलटूनपालटून द्या.