परदेशी माल घेताना बाटलीची मागची बाजू वाचा

किराणा दुकानात परदेशी जिन्नस एका जागी क्वचितच सापडतात. सॉसच्या रांगेचं टोक, अगदी खालची फळी आणि फ्रीजर, एवढं आधी धुंडाळा. नाहीच दिसलं तर विचारा. फळीवर जागा नाही म्हणून माल आत पडून असतो.

वस्तू हाती लागली की पुढचं देखणं लेबल सोडा आणि मागचं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, आणि तिथेच सगळं कळतं. सोया सॉसवर पाणी, सोयाबीन, गहू, मीठ एवढंच असेल तर तो बहुधा आंबवून केलेला. ‘हायड्रोलाइज्ड’ प्रथिनं आणि कॅरमेल रंग दिसले तर तो आम्ल वापरून झटपट केलेला. भाजीत खपून जाईल, पण नुसता बुडवून खायला घेऊ नका. इटलीतल्या मोदेना शहराच्या बाल्सामिक व्हिनेगरमध्ये द्राक्षाचा रस पहिला असेल तर ते गोडसर आणि दाट निघतं, वाइन व्हिनेगर पहिलं असेल तर आंबट आणि पातळ.

बारकोडच्या पहिल्या आकड्यांवरून देश ओळखतात म्हणे! ते आकडे फक्त कंपनीने क्रमांक कुठल्या देशाच्या संस्थेकडून घेतला ते सांगतात. माल कुठला, हे ‘प्रॉडक्ट ऑफ’पुढे पाहा.

तारखेत हमखास घोळ होतो. अमेरिकेत महिना आधी लिहितात, युरोपात दिवस, जपानमध्ये वर्ष. त्यामुळे 05/06 म्हणजे 5 जून की 6 मे, हे मूळ देश पाहून ठरवा. आयातदाराच्या चिकटपट्टीवरची तारीख झाकणावरच्या किंवा तळाच्या ठशाशी जुळत नसेल तर वस्तू परत ठेवा. फुगलेला किंवा सांध्यावर चेपलेला डबा नको. फ्रीजरमधल्या पाकिटात बर्फाचे खडे असतील किंवा आतला माल एकच गोळा झाला असेल, तर तो मध्येच वितळून पुन्हा गोठलाय.

शाकाहारी मंडळींनी जास्त जपावं. किमचीत (आंबवलेल्या कोबीचं कोरियन लोणचं) बरेचदा फिश सॉस किंवा कोळंबी असते, वूस्टरशायर सॉसमध्ये सहसा अँचोव्ही मासे, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट, तिच्या तयार सूपमध्ये बोनिटो मासा. पार्मिजानो रेज्जानो चीज तर वासराच्या रेनेटनेच (जठरातून काढलेलं, दूध गोठवणारं द्रव्य) बनतं.

पहिल्या खेपेला लहानात लहान पाकीट घ्या. मिसो आणि गोचुजांग (मिरचीची आंबवलेली कोरियन पेस्ट) उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा. मिसो उकळत्या सूपमध्ये घातला तर त्याचा सुगंध उडून जातो. गॅस बंद करून, 200 मिलि पाण्याला साधारण 1 मोठा चमचा, आधी डावभर सूपमध्ये कालवून मग मिसळा. ताहिनीवर (तिळाची पेस्ट) तेल तरंगतं म्हणून ती खराब झाली असं नाही. ते तेल ओतून दिलंत तर खाली सिमेंटसारखा थर उरेल. घट्ट झाकण लावून बरणी रात्रभर उलटी ठेवा आणि सकाळी लांब दांड्याच्या चमच्याने तळापासून ढवळा.