कोरियातलं एक सेमिस्टर: विषय निवडण्याआधी, निवडताना आणि बदलताना

माझी मावसबहीण येत्या सप्टेंबरच्या सत्राला, कॉलेजच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून, एका सत्रासाठी सोलला चालली आहे. परवा तिने विषयांची यादी दाखवली. पाच विषय, वेळापत्रकाचे रंगीत चौकोन, शुक्रवार पूर्ण मोकळा. मी विचारलं, "यातले दोन मिळाले नाहीत तर?" ती म्हणाली, "मग तिथे गेल्यावर बघू काहीतरी." मी अशीच गेले तेव्हा अगदी हेच माझ्या आईला म्हटलं होतं. त्यापायी माझे सहा क्रेडिट बुडाले आणि शेवटच्या वर्षी दोन पेपर जास्तीचे द्यावे लागले. तिच्यावर ती वेळ येऊ नये आणि तुमच्यावरही, म्हणून हे लिहून काढते आहे.

पासपोर्ट, बँकेचा दाखला, विमा, डी-२-६ (देवाणघेवाणीच्या विद्यार्थ्यांचा) व्हिसा याबद्दल मी काही सांगणार नाही, ते सगळेच सांगतात. मी सांगते ती गोष्ट कोणी सांगत नाही. तिकडे जो जो विषय घ्याल, त्या प्रत्येकाला इकडच्या कॉलेजची मंजुरी हवी आणि ती लेखी हवी. यादीतल्या पाच विषयांना तर हवीच, पण ते न मिळाल्यास जे घ्याल त्यांनाही हवी. हे मी पुढे तीन-चार वेळा सांगणार आहे, कंटाळू नका.

सुरुवात कॅलेंडरपासून करा. कोरियात शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. वसंत सत्र मार्च ते जून, शरद सत्र सप्टेंबर ते डिसेंबर. आपलं सम सत्र मार्चच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं आणि एप्रिल-मेमध्ये परीक्षा होतात, तेव्हा तुम्ही सोलमध्ये असता. म्हणजे अंतर्गत गुण, प्रात्यक्षिकं, प्रोजेक्टची तोंडी परीक्षा यांचं काय होणार, हे जायच्या आधी ठरवून घ्यायचं. शरद सत्राला गेलात तर आपल्या सत्राचे पहिले काही आठवडे वर्गात बसून मग जाता. तेवढ्या हजेरीचं आणि झालेल्या चाचण्यांचं काय, हेही विचारा.

मग क्रेडिटचं गणित. इथे बहुतेक जण फसतात, कारण दोन्हीकडे शब्द एकच आहे. कोरियातला नेहमीचा विषय तीन क्रेडिटचा असतो: आठवड्याला पन्नास मिनिटांचे तीन तास, साधारण पंधरा-सोळा आठवडे, बहुधा सव्वा तासाचे दोन वर्ग, सोमवार-बुधवार किंवा मंगळवार-गुरुवार. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणात एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, आणि मुख्य विषयाचा पेपर पुष्कळदा चार क्रेडिटचा, म्हणजे साठ तासांचा. तीन क्रेडिटचा विषय चार क्रेडिटच्या पेपरच्या जागी बसवायचा, तर उरलेलं एक क्रेडिट कुठून आणायचं? काही कॉलेजं दोन विषय मिळून एक पेपर धरतात, काही जण छोटा प्रबंध लिहून घेतात, काही जण सरळ नाही म्हणतात. महाराष्ट्रात एका सत्राला बावीस क्रेडिटपर्यंत भार असतो; तिकडे कोरियन मुलंसुद्धा एका सत्रात अठराच्या आसपास घेतात. परक्या देशात पहिल्याच सत्रात अठरा पेलत नाहीत. पंधरा घ्या आणि बाकीचे इकडे कधी, कसे भरून काढायचे ते विभागप्रमुखांकडून लिहून घ्या. लिहून.

विषयसूची उघडलीत की नाव वाचून भाळू नका. आधी भाषा बघा. इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या विषयाला तिकडची मुलं 'यॉन्गगांग' म्हणतात आणि सूचीत तशी खूण असते. पण एकाच विषयाचे दोन-तीन वर्ग असतात, ०१, ०२, ०३ असे. त्यातला एक इंग्रजीत आणि बाकीचे कोरियनमध्ये असू शकतात. नाव तेच, कोडही तोच, फक्त शेवटचे दोन आकडे वेगळे. ते आकडे कागदावर उतरवून ठेवा.

मग कॅम्पस बघा. सुंगक्यूनक्वान विद्यापीठाचे मानव्यशास्त्रांचे वर्ग सोलमध्ये भरतात आणि विज्ञान-अभियांत्रिकीचे सुवोनला. हानयांगचा दुसरा कॅम्पस आनसानला आहे, क्यूंगहीचा योंगइनला. योन्सेचे वर्ग सोलच्या शिनछोनमध्ये भरतात, तसे इंचॉन शहरातल्या सोंगदोमध्येही भरतात आणि पार वोनजूलाही. वेळापत्रकात दहाला एक वर्ग आणि साडेअकराला दुसरा, असं सुबक दिसतं. प्रत्यक्षात दोन्हींच्या मध्ये तासाभराहून जास्त प्रवास निघतो. एकाच कॅम्पसमध्येसुद्धा चढ असतात. सोल राष्ट्रीय विद्यापीठ ग्वानाक डोंगराच्या उतारावर पसरलेलं आहे, तिथे आतल्या आत फिरायला बस लागते.

तिसरं म्हणजे, तो विषय देवाणघेवाणीच्या विद्यार्थ्याला खुला आहे का. वैद्यकीय, औषधनिर्माण, कायदा हे बहुधा बंद असतात. व्यवस्थापनाच्या विषयांत अनेक ठिकाणी स्वतःच्या विद्यार्थ्यांना आधी जागा देतात आणि उरल्या तर बाहेरच्यांना. 'जॉनगोंग' म्हणजे मुख्य शाखेचे विषय आणि 'क्योयांग' म्हणजे सर्वांसाठीचे सामान्य विषय, हा फरकही ओळखा; सामान्य विषय तुमच्या मुख्य पेपरच्या जागी चालतीलच असं नाही. आणि तीनशे-चारशेच्या मालिकेतल्या विषयांना आधीचा अभ्यास लागतो, तो तुमच्या गुणपत्रकावर दिसला पाहिजे.

कोरियन भाषेचा वर्ग जरूर घ्या. पुण्याहून जाणारे कितीतरी जण पुढे रांजणगाव किंवा तळेगावच्या कोरियन कंपन्यांत काम करायचं म्हणून भाषा शिकत असतात, त्यांना तर तो हवाच. पण तो विद्यापीठाचा क्रेडिटचा वर्ग आहे, की भाषा संस्थेचा वेगळी फी भरून करायचा दहा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे, हे आधी विचारा. दुसऱ्या प्रकाराचे क्रेडिट इकडे धरले जाणं अवघड असतं.

आता माझी चूक. मी पाच विषयांचे अभ्यासक्रम डाउनलोड केले, विभागप्रमुखांची सही घेतली, परीक्षा विभागाचा शिक्का घेतला. पाचच विषयांवर. सहावा, सातवा, आठवा विषय कागदावर नव्हताच. नोंदणीत दोन विषयांच्या जागा भरून गेल्या आणि मला ते मिळाले नाहीत. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या जागी दुसरे दोन घेतले, चांगले होते, मन लावून केले. विभागप्रमुखांना फोनही केला होता. ते म्हणाले, "हो हो, घे, आल्यावर बघू." मी आले तेव्हा विभागप्रमुख बदलले होते. नव्या मॅडमनी फाईल उघडली, मंजूर यादीवर बोट ठेवून एकेक नाव वाचलं आणि विचारलं, "हे दोन कुठे लिहिलेत?" कुठेच लिहिले नव्हते. त्यांची चूक नव्हती. त्यांच्यासमोर जो कागद होता त्यावर त्या चालल्या.

म्हणून पाच विषय हवे असतील तर दहा विषयांना मंजुरी घ्या. दहांचे अभ्यासक्रम जोडा. प्रत्येकापुढे लिहा: विषयाचं नाव, पूर्ण कोड, क्रेडिट, आठवड्याचे तास, आणि तुमच्या कोणत्या पेपरच्या बदल्यात. पर्यायी विषय 'पर्यायी' म्हणून वेगळे दाखवा म्हणजे सही करणाऱ्याला दहाच्या दहा घेणार असं वाटणार नाही. फोनवरचा होकार चालत नाही. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा चालत नाही. कॉरिडॉरमध्ये 'काढू मार्ग' म्हणाले, तेही चालत नाही. सही-शिक्का, किंवा कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावरून आलेला मेल, ज्यात विषयाचं नाव आणि 'मंजूर' हा शब्द दोन्ही आहेत.

अभ्यासक्रमाच्या फाइलींबद्दल एवढंच सांगते की त्या स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवा, नुसती लिंक ठेवू नका. सत्र संपल्यावर तुमचं लॉगिन कधी बंद होईल याचा भरवसा नसतो. नव्या सत्राचा अभ्यासक्रम पुष्कळदा नोंदणीच्या तोंडावर चढवतात, आणि इंग्रजी पानावर काही ओळी रिकाम्याच असतात. तोवर मागच्या वर्षीचा जोडा आणि तो मागच्या वर्षीचा आहे असं स्पष्ट लिहा. प्राध्यापकांना एक नम्र मेल टाकला तर नवा मिळतोही.

नोंदणीचा दिवस. तिकडे याला 'सुगांग शिनछोंग' म्हणतात, आणि कोरियन मुलं त्यासाठी वेगवान इंटरनेट मिळावं म्हणून पीसी बांगमध्ये, म्हणजे गेमिंगच्या सायबर कॅफेत जाऊन बसतात. जो आधी पोचेल त्याला जागा. योन्सेसारख्या ठिकाणी विद्यार्थी आपल्याकडचे गुण विषयांवर लावतात आणि जास्त लावणाऱ्याला जागा मिळते, पण देवाणघेवाणीच्या विद्यार्थ्यांसाठी अनेक विद्यापीठांची रीत वेगळी असते: वेगळा दिवस, वेगळा कोटा किंवा नुसता अर्ज. तुमची कोणती, ते त्यांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाच्या मेलमध्ये असतं. तो मेल पूर्ण वाचा.

सोलचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे पुण्यात साडेसहा. तिकडचे नऊ म्हणजे साडेपाच. आदल्या दिवशी लॉगिन करून बघा, पासवर्ड बदलून ठेवा, ब्राउझरचे पॉप-अप उघडे करा. कुठे कोरियन मोबाइल नंबरवरून ओळख पटवायला सांगत असेल, तर तो तुमच्याकडे नाही हे आठवडाभर आधी कळवा, त्या सकाळी नव्हे. 'जांगबागुनी' म्हणजे बाजाराची टोपली. त्यात विषय टाकून ठेवायची सोय असते. टोपलीत टाकला म्हणजे विषय मिळाला असं नाही. नोंदणी वेगळी करावीच लागते.

आणि रांग लागली की थांबा. माझ्या पडद्यावर पुढे किती जण आहेत तो आकडा दिसत होता आणि तो हलत नव्हता. स्वयंपाकघरात आईने चहा टाकला होता, गाळून कपात ओतला, तरी आकडा तोच. मी घाबरून पान रिफ्रेश केलं. आकडा कित्येक पटींनी वाढून आला, कारण रिफ्रेश करणारा रांगेच्या शेवटी जातो. माझे दोन विषय तिथेच गेले. पान उघडं ठेवा, हात मांडीवर ठेवा. सगळ्यात कमी जागा असलेला विषय पहिला घ्या, आवडता नंतर.

तरी हुकले तर सत्राच्या पहिल्या आठवड्यात बदल करायची मुदत असते. तेव्हा बरेच जण विषय सोडतात आणि जागा निघतात. प्राध्यापकांना भेटून जादा जागा मागता येते. कोड, वर्गाचा क्रमांक आणि आपला विद्यार्थी क्रमांक लिहून न्या. एव्हाना तिकडचं विद्यार्थी खातं चालू झालं असेल तर एव्हरीटाइम अॅपवर मुलांनी लिहिलेले अनुभव वाचा. 'टिमप्ल', म्हणजे गटाने करायचं काम, किती आहे ते त्यातून कळतं. इंग्रजी वर्गातही गटाच्या गप्पा काकाओटॉक या चॅट अॅपवर कोरियनमध्ये चालतात आणि तुम्ही बाजूला पडता. असे दोनपेक्षा जास्त विषय घेऊ नका.

आणि बदल केलात की त्याच दिवशी इकडे मेल. त्याच रात्री. विषय मंजूर यादीतल्या पर्यायांपैकी असेल तर "हा सोडला, हा घेतला" एवढं कळवा आणि पोच मागा. यादीबाहेरचा असेल तर अभ्यासक्रम जोडून मंजुरी मागा, आणि बदलाची मुदत संपायच्या आत उत्तर आलं नाही तर तो विषय घेऊ नका, कितीही आवडला तरी. मी घेतला होता.

पुढचं थोडक्यात. हजेरी कडक असते, एक तृतीयांश, काही ठिकाणी एक चतुर्थांश वर्ग बुडाले की थेट नापास. मध्यसत्र परीक्षा आठव्या आठवड्याच्या आसपास. ए श्रेणी किती जणांना द्यायची याला बहुतेक वर्गांत मर्यादा असते. देवाणघेवाणीच्या विद्यार्थ्याला ती लागू आहे का, विचारा. सोल राष्ट्रीय आणि योन्सेमध्ये सर्वोच्च गुणांक ४.३, कोरिया विद्यापीठात ४.५, आपल्या दहाच्या मोजपट्टीत ते कसे बदलणार, की नुसतं उत्तीर्ण असं धरणार, तेही त्या मंजुरीच्या कागदातच लिहून घ्या. विषय मध्येच सोडायची सोय असते, पण सोडल्याने किमान क्रेडिटच्या खाली जात नाही ना ते बघा.

गुणपत्रक सत्रानंतर काही आठवड्यांनी येतं. निघण्यापूर्वी दोन प्रती मागून ठेवा, एक कॉलेजच्या पत्त्यावर, एक घरी. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणाऱ्या सरकारी व्यवस्थेच्या) खात्यात ते क्रेडिट तुमचं इकडचं कॉलेज चढवतं, सोलचं विद्यापीठ नाही. आल्यावर परीक्षा विभागात जाताना गुणपत्रकाला मूळ मंजुरीचा कागद आणि बदलाचे सगळे मेल छापून जोडा, तारखेच्या क्रमाने, आणि पोचेची सही घ्या. मावसबहिणीच्या यादीत आता नऊ विषय आहेत. दहावा आज रात्री शोधणार आहोत, सोमवारी ती सही घ्यायला जाते आहे.