ट्रकच्या मागून येणारा आवाज नेमका कुठला, हे कसं शोधावं

भरलेली गाडी चिरेखाणीतून वर चढताना मागे ‘ठक्क’ वाजतं, रिकामी परतताना नुसती कुरकुर, आणि गॅरेजच्या दारात उभी केली की गाडी अगदी शहाणी. मग अंदाजपंचे सुरू होतं. आधी शॉकअप बदला, मग बुश (सांध्यात बसणारी, झिजणारी नळी), मग पाट्यांचा, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचा, अख्खा सेट. पैसे जातात आणि आवाज तिथेच राहतो. खरं तर पान्याला हात लावण्याआधीच निम्मा शोध कानाने आणि डोळ्याने लागतो. आवाज कधी येतो हे सगळेच सांगतात; तो कधी जातो हे फारसं कुणी पाहत नाही. कोकणात तर हा दुसरा प्रश्नच जास्त कामाचा आहे, कारण इथला पाऊस फुकटात निदान करून देतो. ते पुढे येईलच.

इथे सांगितलेली रीत पाट्यांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे, आंबा वाहणाऱ्या पिकअपपासून दहाचाकीपर्यंत.

आधी चाकाचे नट आणि गाडीची बैठक

आवाजाचा माग नंतर काढा, पण या दोन गोष्टी आजच पाहा. नटाच्या बुडापासून रिमवर तांबूस ओघळ उतरलेला दिसला तर तो नट ढिला असल्याची खूण समजा. चाक बोल्टवर हलत राहिलं की रिमची भोकं लांबट होतात आणि मग कितीही आवळा, नट टिकत नाही. असं रिम बाद करायचं.

मग गाडी सपाट जागी उभी करून मागून बघा. एक बाजू खाली बसली आहे का? हबच्या मध्यापासून वर चेसिसपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर टेपने मोजा. फरक ठळक असेल तर पाटा तुटलेला असू शकतो. एका बाजूचं चाक दुसऱ्यापेक्षा मागे किंवा पुढे सरकलेलं दिसलं, तर पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सलचं हाउसिंग जागचं हललं असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी रस्त्यावर तिरकी चालते. मागून येणाऱ्या ड्रायव्हरला ते पटकन दिसतं, तुम्हाला आरशात कळेलच असं नाही. या अवस्थेत भरलेली गाडी आंबा किंवा कुंभार्ली घाटात घालू नका.

कधी येतो, कधी जातो

महामार्गाच्या गुळगुळीत काँक्रीटवर एक फेरी मारा आणि गावातल्या गतिरोधकांवरून एक. दोन्हीकडे वाजणारा आवाज आणि फक्त खड्ड्यात वाजणारा आवाज यांची घरं वेगळी आहेत. गुळगुळीत रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारी घरघर ही बहुधा चाकाच्या बेअरिंगची किंवा डिफरन्शियलची. वळणावर तिचा सूर बदलला तर बेअरिंगकडे आधी बघा. गिअर टाकून क्लच सोडताच किंवा रिव्हर्स घेताना एकदाच ‘टक्’ होत असेल तर इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या जॉइंट शाफ्टचा क्रॉस, पाटे हाउसिंगला बांधणारे यू बोल्ट ढिले किंवा मोठ्या गाडीत ॲक्सल जागेवर धरणाऱ्या टॉर्क रॉडचे बुश. ब्रेक हलका दाबून धरल्यावर आवाज थांबला तर तो ब्रेकच्या आतल्या सामानाचा असू शकतो. खड्ड्यात एकच चाक गेलं तरी वाजतं की दोन्ही चाकं एकदम आदळली तरच, हेही लिहून ठेवा. भरलेली की रिकामी, हे तर लिहाच.

आवाज ऐकायला क्लीनरला हौद्यात बसवू नका. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून, फडक्यात गुंडाळून चेसिसला घट्ट बांधा. एका फेरीत डावीकडे, दुसरीत उजवीकडे. चेसिस लोखंडाची असल्यामुळे आवाज तिच्यावरून पार लांब जातो आणि डावीकडचा ठोका केबिनमध्ये उजवीकडून ऐकू येतो. दोन रेकॉर्डिंग शेजारी ठेवून ऐकली की बाजू ठरते.

आता पाऊस. जून लागला की आवाज गायब झाला आणि उघडीप मिळून दोन दिवस ऊन पडलं की परत आला, तर तो कोरड्या घर्षणाचा आवाज आहे. रबरी बुश किंवा पाट्यांची टोकं एकमेकांवर घासतात, मधे पाणी शिरलं की गप्प बसतात. पावसातही तसाच वाजणारा ठोका मात्र ढिलाईचा, म्हणजे नट, पिन किंवा झिजलेलं भोक. रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीचे सकाळचे पहिले दोन-चार ब्रेक खरखरले तर तो ड्रमवर धरलेला गंज असतो आणि थोड्या वेळात घासून जातो. त्यासाठी सस्पेंशन खोलू नका.

पाऊस नसला तर बाटलीभर पाणी घ्या. गाडी हलवत एका वेळी एकच बुश भिजवा, मग पुढचा, मग पाट्यांची टोकं. जिथे पाणी ओतल्यावर कुरकुर थांबली ती जागा सापडली. तेल किंवा डिझेल वापरू नका. रबर फुगतं आणि एकदा तेल सगळीकडे पसरलं की कुठली जागा वाजत होती हे कळायचा मार्गच बंद होतो.

सस्पेंशनच्या नावावर खपणारे आवाज

हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या साखळ्या काढून घ्या, फाळका दोरीने करकचून बांधा. स्टेपनी हाताने हलवून बघा. टूलबॉक्स, मडगार्डचे ब्रॅकेट, सायलेन्सरचे रबर, डिझेल टाकीचा पट्टा, सगळ्यांना मुठीने एकेक ठोसा द्या. आणि मुख्य म्हणजे हौदा. लाकडी बांधणीचा हौदा चेसिसवर यू क्लॅम्पने बसवलेला असतो. आपल्याकडे लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि क्लॅम्प ढिले पडतात. मग मे महिन्यात प्रत्येक खड्ड्यात जी करकर ऐकू येते ती पाट्यांची वाटते, पण वरून येत असते. माझ्या मते उन्हाळ्यात आवाज सुरू झाला असेल तर पाट्यांआधी हौद्याचे क्लॅम्प आवळून बघावेत. खर्च शून्य.

धुवा, वाळू द्या, मग बघा

तांबड्या मातीच्या थराखाली काहीही दिसत नाही. मिरकरवाड्यासारख्या बंदरावरून मासळी भरणाऱ्या गाड्यांची तर दुहेरी अडचण: बर्फाचं खारट पाणी हौद्यातून थेट पाट्यांवर गळतं आणि गंज पाट्यांच्या मधल्या फटीत धरतो. अशी गाडी दर खेपेनंतर गोड्या पाण्याने खालून धुवायला हवी. आवाज शोधतानाही आधी धुवा आणि पुरती वाळू द्या.

मग हातबॅटरी घेऊन दोन खुणा शोधा. नट, पिन किंवा बोल्टच्या कडेने येणारी तांबूस भुकटी, आणि आजूबाजूला गंज असताना मधेच चकाकणारं लोखंड. चकाकी म्हणजे तिथे लोखंडावर लोखंड फिरतं आहे. पाट्याची चीर बहुधा सेंटर बोल्टच्या आसपास, यू बोल्टच्या प्लेटला लागून किंवा मेन पाट्याच्या डोळ्याजवळ, म्हणजे टोकाच्या गोल भोकाजवळ, असते. ती केसाएवढी बारीक रेघ असते, पण पाटा वाळल्यावर तिच्यातून गंजाचं पाणी झिरपून आडवी तांबडी रेषा उमटते.

दोन भाग एकमेकांवर आपटत असल्याचा संशय असेल, जसं हेल्पर पाटा आणि त्याचा ब्रॅकेट, तर दोन्हींवर ओला चुना फासा. वाळला की एक फेरी मारून या. चुना जिथे उडाला तिथेच आदळतंय. हेल्पर पाटा वजन आल्यावर टेकायचा असतो, म्हणून तिथला चुना उडणारच; पाहायचं ते इतकंच, की रिकाम्या गाडीतही उडतो का, आणि दोन्ही बाजूंना सारखा उडतो का.

उभ्या गाडीत आवाज काढणं

पिकअप असेल तर दोघांनी मागच्या बंपरवर उभं राहून ताल धरून खालीवर करावं, तिसऱ्याने बाजूला बसून ऐकावं. ट्रक असा हलत नाही. त्याच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, ड्रायव्हरने पहिला गिअर आणि रिव्हर्स आलटून पालटून टाकून क्लच किंचित सोडावा, आणि पाहणाऱ्याने बाजूला, चाकांच्या रेषेबाहेर उभं राहून शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी), यू बोल्ट आणि शाफ्टवर नजर ठेवावी. गाडीखाली कुणीही जायचं नाही.

गाडी पुरती बंद केल्यावर पहारीचं काम. शॅकल आणि ब्रॅकेटच्या मधे पहार घालून हलकेच उचका. पिन बुशात खडखडली तर बुश झिजला. शॉकअपचे वरचे-खालचे डोळे हाताने हलवा. बाहेर तेलाचा ओघळ असेल तर शॉकअप संपला, पण नुसता संपलेला शॉकअप फार वाजत नाही, गाडी उसळते. वाजतो तो त्याचा बुश. म्हणूनच आवाजासाठी शॉकअप बदलून बहुतेक वेळा निराशा होते.

जॅक लावताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा: जॅकखाली किंवा चेसिसखाली जांभ्याचा चिरा ठेवू नका. दारात ढीग पडलेला असतो म्हणून हात तिकडेच जातो, पण जांभा सच्छिद्र असतो आणि वजनाखाली एकाएकी फुटतो. जाड लाकडी फळ्या आणि लोखंडी स्टँडच वापरा.

सापडल्यावर

ग्रीसचे निपल असलेल्या लोखंडी बुशाच्या पिना नुसत्या कोरड्या पडल्या असतील तर ग्रीस पुरतं. पण चेसिस जॅकने उचलून पाट्यांवरचं वजन काढल्यावरच गनने ग्रीस भरा. वजन असताना पिनेच्या दाबलेल्या बाजूला ते शिरतच नाही, दुसऱ्या बाजूने बाहेर येतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. जुनं काळं ग्रीस निघून नवं दिसेपर्यंत भरा. रबरी बुशाला ग्रीस लावू नका, झिजला असेल तर बदला.

पाट्यांवर डिझेल आणि जळकं ऑइल मारायची रीत सगळीकडे आहे. चार दिवस शांतता मिळते, मग त्यावर चिऱ्याची भुकटी चिकटून पाटे जास्तच घासतात, आणि ऑइल ड्रममध्ये गेलं तर घाटउतारावर ब्रेक दगा देतात. गंजाने पाटे फुगले असतील तर पाटेवाल्याकडून सेट उतरवून, घासून, ग्रॅफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधून घ्या. तुटलेला पाटा वेल्डिंग करून लावायला कुणी तयार झालं तरी नको म्हणा. उष्णतेने पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि तो वेल्डिंगच्या शेजारीच पुन्हा तुटतो.

यू बोल्ट एकदा सोडले की शक्यतो नवेच बसवा, कारण आवळताना ते ताणले गेलेले असतात. चारही नट समोरासमोर तिरके, थोडे थोडे करत, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोराच्या मापावर) आवळा. रबरी बुशाचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर पूर्ण टेकल्यावरच शेवटचे आवळायचे. हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळवटतं आणि लवकर फाटतं.

शेवटी प्रत्येक नटावरून प्लेटपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. पहिली भरलेली खेप झाली की रेघ बघा आणि नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. नवे पाटे आणि नवे बोल्ट वजनाखाली बसतात, त्यामुळे पहिल्या वेळी थोडी ढिलाई येणारच. पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही रेघ तुटलेली दिसली तर आवळत बसू नका. खालची प्लेट, हाउसिंगवरची पाट्यांची बैठक आणि सेंटर बोल्टचं डोकं बसतं ते भोक, यांपैकी काहीतरी झिजलेलं आहे, आणि तेवढ्यासाठी सेट पुन्हा उतरवावा लागेल.