वंशावळ आधी, डीएनए चाचणी नंतर

डीएनए चाचणी दोन माणसांच्या रक्ताचे नाते किती जवळचे आहे, एवढेच मोजते. ते नाते आजोबांच्या भावाकडून आले की आजीच्या बहिणीकडून, आणि त्या माणसाचे मूळ गाव कोणते, हे तिला सांगता येत नाही. म्हणून किट मागवण्याआधी निदान चार पिढ्यांची वंशावळ संकेतस्थळावर भरून ठेवावी. फॅमिलीसर्च ही सेवा विनामूल्य आहे, मात्र तेथे सर्वांचा मिळून एकच वृक्ष असल्याने आपण भरलेली दिवंगत व्यक्तीची नोंद दुसरा सभासदही बदलू शकतो. मायहेरिटेज आणि अ‍ॅन्सेस्ट्री येथे वृक्ष आपल्या ताब्यात राहतो.

या सेवांकडील जुन्या नोंदींचा मोठा भाग युरोप-अमेरिकेतील आहे, त्यामुळे आपले पूर्वज तेथे आयते सापडतील अशी अपेक्षा धरू नये. कोल्हापूरकरांनी आधी घरचे दप्तर, शाळेचे जनरल रजिस्टर आणि तहसील कार्यालयातील गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद, पाहावी. संस्थानकाळातील मोडी कागद कोल्हापूर पुरालेखागारात आहेत. कागदावर शक असेल तर इसवी सन काढण्यासाठी त्यात 78 मिळवावेत, आणि जानेवारी ते चैत्रापर्यंतची तारीख असेल तर 79. सुगीनंतर गावात येणारे हेळवी, म्हणजे पिढीजात वंशावळी सांभाळणारे लोक, अजूनही कुळाची नावे वह्यांतून वाचून दाखवतात. ते आले की नुसते ऐकून न घेता परवानगी घेऊन त्या पानांची छायाचित्रे काढावीत, कारण एवढी ओळीने लावलेली नावे दुसरीकडे क्वचितच मिळतात.

नावे भरताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. स्त्रीची नोंद माहेरच्या नावाने करावी आणि लग्नानंतरचे नाव वेगळ्या रकान्यात लिहावे, नाहीतर आजीच्या बाजूचा सगळा गोतावळा तुटतो. ‘पाटील’ हे आडनाव शोधात टाकून या जिल्ह्यात काहीच हाती लागत नाही. त्यामागचे कुळाचे नाव आणि गाव लिहावे. दत्तक असेल तर जन्मदाते व दत्तक घेणारे अशा दोन्ही घरांशी नाते जोडावे. राजर्षी शाहू महाराज 1874 साली कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले आणि 1884 साली छत्रपतींच्या गादीवर दत्तक आले. अशा प्रत्येक ठिकाणी कागद एका घराकडे आणि डीएनए दुसऱ्या घराकडे बोट दाखवते, आणि दोन्ही खरेच असतात.

किट भारतात पोहोचते का, हे पैसे भरण्याआधी पाहावे. घरात एकाचीच चाचणी करायची असेल तर ती हयात असलेल्या सर्वांत वयस्कर माणसाची करावी, कारण प्रत्येक पिढीत निम्मे डीएनए पुढे जात नाही. अ‍ॅन्सेस्ट्री लाळ मागते, मायहेरिटेज गालाच्या आतून फिरवलेला बोळा. लाळ देण्यापूर्वी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये, चहासुद्धा नाही. केवळ बापाकडून मुलाकडे जाणारी वंशरेषा पाहायची असेल तर फॅमिलीट्रीडीएनएची वाय चाचणी घ्यावी लागते, आणि ती पुरुषाचीच होते.

निकालात जुळणाऱ्या व्यक्तींसमोर सेंटीमॉर्गनचा, म्हणजे दोघांत सामाईक असलेले डीएनए मोजणाऱ्या एककाचा, आकडा असतो. आई-वडील व मूल यांच्यात तो साधारण 3,400च्या पुढे, सख्ख्या चुलत, आते किंवा मामेभावंडांत सुमारे 850 आणि त्यांच्या मुलांमुलांत सुमारे 230 असतो. आपल्याकडे खरी गफलत येथेच होते. संकेतस्थळाचा अंदाज आई-वडील एकमेकांचे नातलग नाहीत असे धरून चालतो, आणि आपल्याकडे तर मामाची मुलगी करण्याची चाल आहे; तशा घरात वाटून आलेले डीएनए वाढते आणि लांबचा भाऊ जवळचा दिसू लागतो. दोन सख्ख्या बहिणी दोन सख्ख्या भावांना दिल्या असतील तर त्यांच्या मुलांचा आकडा सावत्र भावंडांएवढा, म्हणजे 1,700च्या आसपास येतो, आणि वंशावळ समोर नसेल तर घरात नसता संशय उभा राहतो. यासाठी अशी लग्ने वृक्षात आधी नोंदवावीत, जीईडीमॅच या डीएनए फाइलींची तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर आई-वडिलांचे आपसातील नाते तपासणारे साधन वापरावे, आणि संकेतस्थळाने सुचवलेले नाते कागदाचा दुजोरा मिळेपर्यंत वृक्षात चढवू नये.

पूर्वज कोणत्या भागातले हे सांगणारी निकालातील प्रदेशांची टक्केवारी प्रत्येक कंपनीने तुलनेसाठी घेतलेल्या लोकांच्या गटावर ठरते आणि तो बदलला की तीही बदलते. तिच्यातून कूळ किंवा देवक कळत नाही. जातपडताळणीसाठीही कागदच लागतात.

एका माणसाच्या चाचणीत त्याच्या भावंडांची माहितीही ओघाने येते, म्हणून घरात आधी विचारावे. अनपेक्षित निकाल आला तर तो आधी कोणाला सांगायचा, हेही तेव्हाच ठरवावे. 23अँडमी या कंपनीकडील सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती 2023 साली फुटली आणि मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यामुळे निकाल हाती येताच मूळ डीएनए फाइल उतरवून स्वतःकडे ठेवावी, संशोधनासाठीची संमती सेटिंगमध्ये जाऊन तपासावी, आणि सेवा नकोशी झाल्यास नुसते खाते बंद न करता नमुना नष्ट करण्याची विनंती वेगळी नोंदवावी.