कोल्हापुरीवरचे डाग घरच्या घरी कसे काढायचे

दरवर्षी पावसाळ्यात हेच होतं, कोल्हापुरी भिजते, डाग पडतात, मग माळ्यावर जाते आणि दिवाळीला काढली की पांढरी बुरशी. एवढं हाताचं काम वाया गेलेलं बघवत नाही म्हणून लिहितेय.

आधी हे समजून घ्या की अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, वर प्लास्टिकसारखा थर नसतो, त्यामुळे पाणी असो की तेल, पडेल ते पितं. खात्री करायचीय तर कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका, लगेच मुरून गडद झाला म्हणजे कोरं कातडं.

तेल सांडलं तर घासू नका, पाणीही नको. टिपून घ्या आणि टॅल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लॉवर जाडसर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने झटका, दोन-तीनदा करा. जुना डाग पूर्ण जात नाही पण फिका होतो.

पाण्याच्या डागाला मात्र पाणीच लागतं! फडकं ओलं करून घट्ट पिळायचं आणि फक्त डाग नाही, अख्खा पट्टा एकसारखा ओलसर करायचा, म्हणजे कडेची ती गडद रेघ विरते. मग पंख्याखाली सावलीत वाळवा, उन्हात किंवा ड्रायरने अजिबात नको, कातडं तडकतं.

काळे-निळे डाग पडतात त्याचं कारण खूप जणांना माहीत नसतं. मी एकदा ओली चप्पल लोखंडी स्टँडवर ठेवली, सकाळी जिथे गज टेकला होता बरोबर तिथे काळी रेघ, मी साबणाने घासली तर काही गेली नाही. ती घाण नसतेच, सालीतलं टॅनिन (कातडं कमावणारा तुरट अंश) आणि लोखंड ओलाव्यात भेटले की चक्क शाई तयार होते, पूर्वी लिहायची शाई अशीच करायचे. लिंबाच्या रसात तेवढंच पाणी घालून कापसाने हळूहळू टिपा, रेघ डोळ्यांदेखत फिकी होते, मग साध्या ओल्या फडक्याने आंबटपणा पुसून काढा.

बुरशी घराबाहेर नेऊन कोरड्या कापडाने झटका, नंतर व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून पुसा, ते कापड टाकून द्या.

काहीही केलं तरी पूर्ण वाळल्यावर एरंडेलाचे दोन-तीन थेंब फडक्यावर घेऊन सगळीकडे चोळा, रंग जरा गडद होईल, पण पट्टा पुन्हा मऊ पडतो. आणि ठेवताना कागदात किंवा सुती पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको.