रीडलिंकने सिमलिंक वाचताय? या चुका टाळा

पाथ बरोबर छापला जातो, पण शेवटी दोन-चार अक्षरांचा कचरा चिकटतो, तोही अधूनमधून. सी प्रोग्रामचं असं काही झालं तर आधी रीडलिंक कॉलच्या पुढची ओळ तपासा. हा कॉल सिमलिंक (दुसऱ्या फाइलचा पाथ साठवणारी लिंक) वाचून बफरमध्ये त्या पाथचे बाइट्स टाकतो आणि किती टाकले तो आकडा परत देतो. स्ट्रिंग संपवणारा नल बाइट टाकत नाही, तो आपण टाकायचा.

डेबियनवर व्हिम असेल तर /यूएसआर/बिन/व्हीआय ही लिंक /ईटीसी/अल्टरनेटिव्हज/व्हीआयकडे जाते. इंग्रजी अक्षरांत हा पाथ २० बाइट्सचा. बफर शून्यांनी भरलेला असेल, तर तो नीट छापला जातो. तिथून पुढची लिंक /यूएसआर/बिन/व्हिम.बेसिक, १८ बाइट्स. त्याच बफरमध्ये ती वाचली की आधीचे दोन बाइट्स मागे उरतात आणि दिसतं ‘व्हिम.बेसिकव्हीआय’. म्हणून सुरुवातीला एकदा मेमसेटने बफर शून्यांनी भरणं हा इलाज नव्हे. त्याने बग फक्त लपतो.

रीडलिंकला बफरच्या आकारापेक्षा एक कमी आकडा द्या. उत्तर साइन्ड प्रकारात, म्हणजे एसएसाइझ-टीमध्ये घ्या. ते उणे एक, म्हणजे एरर, नाही हे पाहा आणि मगच बफरमध्ये तेवढ्या बाइट्सनंतर नल ठेवा. ही तपासणी गाळली आणि कॉल फसला, तर नल बफरच्या आधीच्या बाइटवर जाऊन पडतो. बफर मॅलॉकने घेतलेला असेल तर साइझऑफ बफरचा नव्हे, पॉइंटरचा आकार देतो, ६४-बिट लिनक्सवर ८. पाथ सात-आठ अक्षरांतच तुटत असेल तर हेच कारण.

जागा अपुरी पडली तरी एरर येत नाही, पाथ गुपचूप कापला जातो. दिलेला आकडा आणि परत आलेला आकडा सारखाच असेल तर पाथ कापला गेलाय असं धरून बफर दुप्पट करा आणि पुन्हा वाचा. लिंकची माहिती देणाऱ्या एलस्टॅट कॉलमधल्या आकारावर विसंबू नका: /प्रॉक/सेल्फ/एक्सई या, चालू प्रोग्रामच्या फाइलकडे जाणाऱ्या लिंकसाठी तो ० येतो, शिवाय दोन कॉल्सच्या मधे कोणी लिंक बदलूही शकतं.

ईआयएनव्हॅल एरर आली तर बहुतेक ती फाइल सिमलिंकच नसते.

मिळालेला पाथ स्लॅशने सुरू होत नसेल तर तो लिंक जिथे आहे त्या डिरेक्टरीपासून मोजायचा, प्रोग्राम चालू आहे तिथून नाही. शेवटचा खरा पाथच हवा असेल तर ही जोडाजोड करत बसू नका. सगळ्या लिंक सोडवून पूर्ण पाथ देणाऱ्या रिअलपाथला दुसरा आर्ग्युमेंट नल पॉइंटर द्या आणि काम झालं की मिळालेली मेमरी फ्री करा.